केरबा शिपायाचा फुटबॉल बंदोबस्त

एका गावात दोन पेठा होत्या, दोन तालमी होत्या, आणि त्या दोन्हींच्या मधे उभा राहणारा एक भोळा शिपाई होता. वरच्या पेठेत चिंचेची तालीम, तिचा रंग पिवळा. खालच्या पेठेत हौदाची तालीम, तिचा रंग लाल. शिपायाचं नाव केरबा, त्याचा रंग खाकी.

तालमी आपल्या नावाला. कुस्ती तिथं कधीच बंद पडली होती आणि आखाड्याच्या कठड्यावर फुटबॉलचे बूट वाळत असायचे. दरवर्षी थंडी सरली की गावच्या चषकाचे सामने सुरू होत, आणि मग गावाचं काही खरं नसे. वरच्या पेठेतला न्हावी खालच्या पेठेतल्या गिऱ्हाइकाची दाढी अर्धी करून सोडून देई. खालच्या पेठेतली सून वरच्या पेठेत माहेरी गेली, तर चषक संपेपर्यंत तिला आणायला कुणी जात नसे. एरवी हीच माणसं एकमेकांच्या मयताला खांदा देत. पण चषक म्हणजे चषक.

मागच्या वर्षी मात्र अंतिम सामन्यात अति झालं. आधी शिव्या आल्या, मग पाण्याच्या पिशव्या आल्या, मग चपला आल्या, मग दगड आले आणि शेवटी एक लोखंडी खुर्ची आली. रेफ्रीच्या डोक्याला सहा टाके पडले. प्रांतसाहेबांनी दोन्ही मंडळांच्या अध्यक्षांना कचेरीत बोलावून सांगितलं, की यंदा दोन पेठांत एक जरी दगड चालला तर मैदान कायमचं गुरांच्या बाजाराला देऊन टाकीन आणि तुमचा फुटबॉल कायमचा बंद. तसा कागद टाइप करून तयार होता. फक्त सही व्हायची होती.

तेव्हा फौजदार रणनवरे मधे पडले. म्हणाले, साहेब, यंदा माझ्यावर सोडा, एक दगड चालू देणार नाही. रणनवरेसाहेब तरुणपणी गोलकीपर होते. त्यांचं उजव्या हाताचं एक बोट अजून वाकडं आहे. या गावातून फुटबॉल गेला तर संध्याकाळी पाचनंतर करायला काय उरणार, हा विचार त्यांना सहन होईना. म्हणून शब्द देऊन बसले. शब्द दिल्यावर चौकीत येऊन त्यांनी माणसं मोजली. मैदानात चार हजार येणार होती आणि आपली नऊ होती. त्या नऊ जणांतला एक केरबा होता.

केरबा वाईट शिपाई होता असं कुणी म्हणणार नाही. त्यानं कुणाचा फुकट चहा प्यायला नाही, कुणावर काठी उगारली नाही. त्याची खोड एकच. सांगितलेलं तो नीट ऐके, ऐकलेलं ध्यानात ठेवी, आणि ध्यानात ठेवलेलं करी. जगात असं कुणीच करत नाही, म्हणून जग चाललंय.

मग त्याला चौकीतच का ठेवत नव्हते, असं तुम्ही विचाराल. ठेवलं होतं एकदा. "कुणी आलं तर बसवून ठेव," असं सांगून साहेब बाहेर गेले. संध्याकाळी परत आले तर बाकावर पोस्टमन, दूधवाला, उसाच्या गुऱ्हाळाचा मुकादम आणि साहेबांच्या सासूबाई ओळीनं बसलेल्या. सासूबाई सकाळी अकराला डबा द्यायला आल्या होत्या. तेव्हापासून केरबा बंदोबस्ताला साहेबांच्या नजरेसमोरच.

पहिला सामना पिवळ्यांचा आणि साखर कारखान्याच्या संघाचा होता. साहेबांनी केरबाला मैदानाच्या कडेला उभं केलं आणि बजावलं, "बाहेरचा माणूस आत जाता कामा नये. जो आत जाईल त्याला धरून बाहेर काढायचं."

केरबा म्हणाला, "होय साहेब. ध्यानात ठेवतो."

त्यानं ध्यानात ठेवलं. अर्धा सामना छान झाला. मग पिवळ्यांचा एक गडी लंगडायला लागला. तो बाहेर आला आणि कडेला बसलेला राखीव गडी त्याच्या जागी आत पळाला. केरबानं पाहिलं. इतका वेळ बाहेर असलेला माणूस आत गेला होता. केरबा मागोमाग गेला आणि त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन आला. तो पुन्हा आत गेला. केरबानं पुन्हा आणला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा तो गडी थकून स्वतःच बसला. पिवळे उरलेला सामना दहा जणांत खेळले आणि कसेबसे जिंकले, म्हणून निभावलं.

साहेबांनी डोक्याला हात लावला. "अरे, तो खेळाडू होता. ज्याच्या अंगात जर्सी आहे त्याला अडवायचं नसतं. त्याला वाट करून द्यायची."

केरबा म्हणाला, "होय साहेब. ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या सामन्याला त्याला दारावर ठेवलं. सामना लालवाल्यांचा होता. लालवाल्यांनी गोल केला आणि हौदाच्या तालमीची माणसं जाळीच्या दारावर येऊन आदळली. यंदा तालमीनं सगळ्या पाठीराख्यांना जर्सी वाटल्या होत्या. साठीच्या म्हाताऱ्यापासून चड्डीतल्या पोरापर्यंत सगळ्यांच्या अंगात लाल जर्सी. केरबानं त्यांच्याकडं बघितलं. मग कडी काढली, दार दोन्ही बाजूंनी सताड उघडलं, बाजूला झाला आणि सलाम ठोकला.

चारशे माणसं मैदानात नाचली. गोलाचा खांब वाकला. जाळी कुणी घेऊन गेलं ते आजतागायत कळलेलं नाही. रेफ्री शहाणा, तो आधीच कारखान्याच्या ट्रकवर चढून बसला होता.

साहेब घसा बसेपर्यंत ओरडले होते, म्हणून हळू आवाजात म्हणाले, "केरबा, जर्सी असो नाहीतर कोट असो. कुणी अंगावर पळत आलं, तर समोर उभं राहायचं, हात पसरायचे, मिठीत धरायचं आणि मागं रेटायचं. कळलं?"

"होय साहेब. ध्यानात ठेवतो."

तिसरा सामना लाल आणि पिवळे यांच्यातच होता. साखळीतला सामना, चषक ठरायचा नव्हता, पण दोन्ही पेठा एका मैदानात यंदा पहिल्यांदाच येणार म्हटल्यावर गावातली दुकानं दुपारीच बंद झाली. साहेबांनी खूप विचार केला. माणसं नाहीत, धावपळ नाही, अशी जागा कुठली. शेवटी त्यांनी केरबाला पिवळ्यांच्या गोलामागं उभं केलं. तिथं मागं नुसती बाभळीची झाडं होती.

विसाव्या मिनिटाला लालवाल्यांचा सदा माने चेंडू घेऊन सुटला. सदा म्हणजे गावातला सगळ्यात वेगानं पळणारा माणूस, एरवी गॅसच्या टाक्या पोचवतो. त्यानं एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, गोलकीपर पुढं आला तर त्यालाही चकवलं. समोर मोकळा गोल. लालवाल्यांची अख्खी बाजू उभी राहिली.

केरबानं पाहिलं, की कुणीतरी आपल्या अंगावर पळत येतंय. तो जाळीमागून पुढं आला. गोलाच्या बरोबर मधोमध उभा राहिला. हात पसरले. सदाला छातीशी धरलं आणि मागं रेटत रेटत मैदानाच्या मध्यापर्यंत नेऊन सोडलं. चेंडू बिचारा एकटाच घरंगळत बाभळीत गेला.

पिवळ्यांनी केरबाला खांद्यावर घेतलं. हार कुठून आला कळलं नाही, पण आला. तिकडं लालवाल्यांच्या बसायच्या पायऱ्यांवर हात खिशात जायला लागले, आणि त्या खिशांत पैसे नव्हते. रणनवरेसाहेबांनी टोपी काढली, लालवाल्यांसमोर जाऊन हात जोडले. नशीब एवढंच, की पुढच्याच मिनिटाला सदानं दुसऱ्या बाजूनं येऊन खराखुरा गोल केला. दगड खिशातच राहिले.

त्या दिवशी सामना संपल्यावर साहेब म्हणाले, "केरबा, इथून पुढं खेळाकडं बघायचंच नाही. मैदानात काय चाललंय ते आपलं काम नाही. आपलं काम एकच. दगड. कुणाच्या हातात दगड दिसला, तर तो काढून घ्यायचा आणि त्याचं नाव लिहून घ्यायचं. मग तो कुणी का असेना."

"कुणी का असेना, साहेब?"

"कुणी का असेना."

"होय साहेब. ध्यानात ठेवतो."

आता दोन्ही पेठांचे संघ अंतिम सामन्यात पोचले. प्रांतसाहेबांनाही काळजी होतीच. त्यांनी सरकारी खर्चानं दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांमधे एक उंच भिंत बांधायचं ठरवलं, म्हणजे लाल आणि पिवळे एकमेकांना दिसायलाच नकोत. अंतिम सामन्याच्या आधीच्या रविवारी भिंतीचा पाया भरायचा समारंभ झाला. मांडव, खुर्च्या, नारळ, सगळं होतं. चिंचेच्या तालमीचे अध्यक्ष ईश्वरा पोवार एका बाजूला बसले होते आणि हौदाच्या तालमीचे अध्यक्ष नाना इंगवले दुसऱ्या बाजूला. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला नाही, पण शिवीही दिली नाही. रणनवरेसाहेबांना तेवढ्यानंही बरं वाटलं.

भटजींनी मंत्र म्हटले. गवंड्यानं चुना पुढं केला. प्रांतसाहेबांनी बाह्या सावरल्या, वाकले आणि पायाचा दगड दोन्ही हातांनी उचलला.

केरबा पुढं झाला आणि त्यांच्या हातातला दगड काढून घेतला. काखेत धरला. खिशातून वही काढली.

"नाव?"

प्रांतसाहेबांना वाटलं, समारंभाचाच काही भाग असेल. ते म्हणाले, "अरे, मी प्रांत आहे."

केरबानं लिहिलं, प्रांत. "वडलांचं नाव?"

तेही त्यांनी सांगितलं, कारण गडबडीत माणूस सांगतो.

"हा दगड कुणाला मारणार होता?"

"भिंतीला लावणार होतो."

"भिंत कुठाय?"

भिंत नव्हती. केरबानं तसं लिहून घेतलं. खाली प्रांतसाहेबांचा अंगठा मागितला. तोवर रणनवरे मांडवाच्या त्या टोकापासून खुर्च्या ओलांडत पोचले.

प्रांतसाहेब त्या दिवशी पाया न भरताच जीपमध्ये बसले. जाता जाता काच खाली करून म्हणाले, "रणनवरे, तुमच्या शब्दावर मी थांबलोय. पण अंतिम सामन्यात या माणसामुळं एक दगड चालला, तर त्याच संध्याकाळी सही करीन." भिंत राहिली ती राहिलीच.

रणनवरेसाहेबांनी केरबाला चौकीच्या मागं, पिंपळाखाली नेलं. रागावण्याची ताकद आता त्यांच्यात नव्हती. ते त्याला एखाद्या लेकराला सांगावं तसं सांगायला लागले.

"हे बघ. दगड धरून काही होत नाही. माणसं धरूनही होत नाही. चार हजारांतली किती धरशील? भांडण कशावरून लागलंय ते आधी विचारायचं. दोन्हीकडच्या मोठ्या माणसांना विचारायचं. दोघं ज्याचं नाव घेतील ते भांडणाचं मूळ. ते ताब्यात घ्यायचं. बाकी कुणाला बोट लावायचं नाही."

"ताब्यात घ्यायचं म्हंजे कसं, साहेब? रीतसर?"

"रीतसर," साहेब म्हणाले, आणि तिथंच चुकले.

"होय साहेब. ध्यानात ठेवतो."

अंतिम सामना आला. चार वाजता मैदानात चार हजार होते, साडेचारला पाच हजार झाले. बाभळीवरही माणसं होती. प्रांतसाहेब तो टाइप केलेला कागद घेऊनच आले होते, पेनसुद्धा वरच्या खिशात होतं. रणनवरेसाहेबांनी आठ शिपाई दोन्ही बाजूंना चार-चार वाटले आणि केरबाला कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी उभं केलं.

सामना फार सुंदर झाला, हे सांगायलाच हवं. सदा मानेनं एक गोल केला. पिवळ्यांनी फेडला. ऐंशी मिनिटं झाली तरी एकेकच. ब्याऐंशीव्या मिनिटाला पिवळ्यांनी लांबून चेंडू मारला. तो आडव्या दांडीला लागला, खाली आपटला आणि बाहेर आला. खाली कुठं आपटला, रेषेच्या आत की बाहेर, एवढाच प्रश्न होता. रेफ्रीच्या डोळ्यांत त्याच वेळी घाम गेला होता.

दोन्हीकडचे खेळाडू रेफ्रीभोवती जमले. ईश्वरा पोवार खुर्ची सोडून आत पळाले. नाना इंगवले दुसरीकडून आत पळाले. पायऱ्यांवर पाच हजार माणसं उभी राहिली आणि आरडाओरडा एकदम थांबला. गावातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे, की ओरडणं थांबलं की दगड येतो. प्रांतसाहेबांनी खिशातलं पेन काढलं. रणनवरेसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

केरबा शांतपणे चालत गर्दीत गेला. ईश्वरा पोवारांच्या खांद्याला हात लावून विचारलं, "अध्यक्ष, भांडण कशावरनं हाय?"

"चेंडू आत पडलाय. धडधडीत आत."

मग नानांना विचारलं, "नाना, भांडण कशावरनं हाय?"

"चेंडू भाईर होता. भाईर. आमी काय आंधळं हाय?"

दोघांनी चेंडूचं नाव घेतलं. केरबानं रेफ्रीच्या काखेतला चेंडू काढून घेतला. त्याला बेडी घालून बघितली, बसेना. म्हणून टॉवेलात बांधला, गाठ मारली, काखोटीला धरला आणि मैदानाबाहेर चालायला लागला.

पाच हजार माणसं त्याच्याकडं बघत राहिली. भांडायला उभी राहिलेली माणसं कशासाठी उभी आहेत तेच विसरली. ज्यांच्या मुठीत दगड होते त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, चेंडू कुठं निघाला. लाल शेजारी होता की पिवळा, हेही कुणी बघितलं नाही. आणि सगळी भानावर येऊन चौकीवर पोचली तोवर केरबानं रीतसर सगळं केलं होतं. दोन पंच बोलावले होते, एक समोरचा चहावाला आणि एक पलीकडचा सायकलवाला. पंचनामा झाला होता. चेंडू पांढऱ्या कापडात बांधून त्याला लाखेचं सील लावलं होतं, चिठ्ठी चिकटवली होती, मुद्देमालाच्या रजिस्टरात नोंद केली होती आणि चेंडू कोठडीत टाकून कुलूप लावलं होतं.

आता मुद्देमाल म्हणजे साधी गोष्ट नाही. एकदा रजिस्टरात चढला, की फौजदारालाही तो परत देता येत नाही. कोर्टाचा हुकूम लागतो. रणनवरेसाहेबांनी रजिस्टर वाचलं आणि खुर्चीत बसले. मग म्हणाले, दुसरा चेंडू आणा आणि आठ मिनिटं उरकून टाका. पण आता दोन्ही पेठा इरेला पेटल्या. पिवळे म्हणाले, दुसरा चेंडू लालवाल्यांचा असेल. लालवाले म्हणाले, पिवळ्यांचा असेल. शेवटी चषक समितीनं ठराव केला. उरलेली आठ मिनिटं त्याच चेंडूनं होतील. तोवर चषक अपुरा.

प्रांतसाहेबांनी पेन परत खिशात ठेवलं. दगड चालला नव्हता. पण कागद त्यांनी फाडला नाही. म्हणाले, चेंडू सुटू द्या, आठ मिनिटं होऊ द्या, मग बघू.

त्यानंतर दोन्ही पेठांनी चौकीसमोर पहारा बसवला. पिवळ्यांना भीती, लालवाले चेंडूतली हवा कमी करतील. लालवाल्यांना भीती, पिवळे जास्त भरतील. सकाळी चार पिवळे आणि चार लाल एकाच बाकावर बसत, कारण बाक एकच होता. पहिले दोन दिवस पाठीला पाठ लावून बसले. तिसऱ्या दिवशी ऊन आलं म्हणून सगळे एकाच बाजूला सरकले. आठवड्यात पत्त्यांचा डाव सुरू झाला. पण चेंडूचा विषय निघाला की पुन्हा मुठी वळत.

एक दिवस ईश्वरा पोवार आले आणि केरबाला म्हणाले, मला चेंडू एकदा बघू दे. केरबानं गजातून दाखवला. दुपारी नानांना ते कळलं. नाना दोनशे माणसं घेऊन आले. पिवळेही तेवढेच जमले. रणनवरेसाहेबांनी दारात उभं राहून कशीबशी समजूत घातली, नानांनाही चेंडू दाखवला, जमाव पांगवला. मग आत येऊन केरबाला समोर बसवलं.

"केरबा, आता शेवटचं सांगतो. पोलिसाला दोघं सारखे. एकाला तसूभर जास्त नाही, दुसऱ्याला तसूभर कमी नाही. जे द्यायचं ते दोघांना, एकाच वेळी, सारखं द्यायचं. एवढं केलंस तरी हे गाव वाचेल."

केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी एकदा तरी शाब्बास म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. म्हणाला, "होय साहेब. ह्ये तर मरूस्तवर ध्यानात ठेवतो."

पंचवीस दिवसांनी कोर्टाचा हुकूम आला. नेमके त्या दिवशी रणनवरेसाहेब प्रांतांना भेटायला तालुक्याला गेले होते. हुकूम आल्याची बातमी आधी गावाला लागली आणि मग चौकीला. चौकीचं आवार भरलं. डावीकडं पिवळे, उजवीकडं लाल. चेंडू ज्याच्या हातात पडेल तो मिरवणूक काढणार, हे उघड होतं. मिरवणूक निघाली की दुसऱ्याच्या पेठेतून जाणार, हेही उघड होतं. बायकांनी दारं लावून घेतली.

केरबानं हुकूम मोठ्यानं वाचला. "सदर चेंडू उभय मंडळांस समक्ष परत करून पोच घ्यावी."

ईश्वरा पोवार म्हणाले, आण इकडं. नाना म्हणाले, आधी इकडं. दोघं एक पाऊल पुढं आले, मागून चारशे माणसं एक पाऊल पुढं आली. केरबा एकाकडून दुसऱ्याकडं बघत राहिला. उभय म्हणजे दोघं. दोघांना, एकाच वेळी, सारखं. त्यानं थोडा विचार केला. मग समोरच्या चांभाराकडं गेला आणि त्याची चामडं कापायची रापी मागून आणली.

त्यानं सील तोडलं. चेंडू टेबलावर ठेवला. सुतळीनं मापला, खडूनं मधोमध रेघ ओढली. रापी टेकवली तेव्हा एकच मोठा उसासा ऐकू आला. लोकांना वाटलं, ईश्वरा पोवारांनी टाकला. मग केरबानं रेघेवरून एका हातानं चेंडू फिरवत दुसऱ्या हातानं कापत नेला आणि दोन वाट्या केल्या. एक ईश्वरा पोवारांच्या हातात दिली, एक नाना इंगवल्यांच्या. एकाच वेळी. पोच पुढं केली. पोचीवर लिहिलं होतं, अर्धा चेंडू मिळाला, तक्रार नाही.

आवारात कुणी हललं नाही. नानांनी आपली वाटी ईश्वरांच्या वाटीवर ठेवून बघितली. तसूभर फरक नव्हता. कमी-जास्त असतं तर भांडता आलं असतं. कुणाला मिळाला, कुणाला नाही, असं असतं तरी भांडता आलं असतं. दोघांनीही कितीतरी वेळ काहीतरी कारण शोधलं. मग नानांच्या पोटातून काहीतरी वर येताना दिसलं. लोकांना वाटलं शिवी येणार. आलं ते हसू होतं. ईश्वरा पोवार त्यांच्याकडं बघून आधी ओठ चावत राहिले, मग तेही फुटले. ज्या बाकावर पंचवीस दिवस दोघांची माणसं बसली होती त्याच बाकावर दोघं अध्यक्ष अर्धा-अर्धा चेंडू मांडीवर घेऊन बसले आणि डोळे पुसत राहिले.

तेवढ्यात जीप आली. रणनवरेसाहेब प्रांतांना घेऊनच आले होते. उतरता उतरता त्यांनी आधी जमिनीकडं बघितलं, दगड कुठं पडलेत का. नव्हते. मग त्यांनी बाक बघितला.

प्रांतसाहेबांनी विचारलं, "भांडण झालं?"

ईश्वरा पोवारांनी आपली वाटी त्यांना दाखवली. "कशावरनं करायचं, साहेब? काय उरलंय का?"

प्रांतसाहेबांनी दोन्ही वाट्या नीट पाहिल्या. केरबाकडं पाहिलं. मग खिशातून तो कागद काढला, चार तुकडे केले आणि म्हणाले, आठ मिनिटं पुढच्या वर्षी खेळा, नव्या चेंडूनं, चेंडू मी देतो. मैदान गावाचं गावाला राहिलं.

रणनवरेसाहेबांचा विश्वास बसेना. ते केरबाजवळ आले. वाकडं बोट असलेला हात त्यांनी त्याच्या खांद्यावर ठेवला. घसा खाकरला. आता शाब्बास म्हणणार, हे आवारातल्या सगळ्यांना दिसत होतं.

केरबा मान खाली घालून म्हणाला, "साहेब, एक चूक झालीया."

"काय?"

"दोघास्नी चेंडू सारखा दिला. पण आतली हवा न्हाई देता आली. कापताना निसटली. कोठडीतला मुद्देमाल हुता, साहेब. म्हणून मी रजिस्टरात हवा फरार दाखवलीया. लई लांब गेली नसंल, पूर्वेकडच्या फाटकातनं गेली. मागावर जाऊ का?"

रणनवरेसाहेबांनी खांद्यावरचा हात काढला.

"जा," ते म्हणाले.

केरबानं सलाम ठोकला, काठी घेतली, टोपी घातली आणि पूर्वेकडं चालायला लागला. कुठवर जायचं आणि परत कधी फिरायचं, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.